लंडनमधली इलेक्शन ड्युटी

माझा पासपोर्ट भारतीय आहे आणि व्हिसा डिपेंडंटचा. तरीही 4 जुलै 2024 ला ब्रिटनच्या संसदेची निवडणूक झाली तेव्हा मी मत दिलं, आणि त्या दिवशी सकाळी साडेसहापासून रात्री अकरापर्यंत एका मतदान केंद्राच्या टेबलामागे बसून इतरांना मतपत्रिकाही दिल्या. दोन्ही गोष्टी कायद्याला धरूनच. इथल्या मराठी मंडळींना हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पण तू सिटिझन कुठे आहेस?"

सिटिझन असायची गरज नाही. पूर्वीपासून इथे मताचा हक्क 'ब्रिटिश प्रजाजनां'चा होता, आणि साम्राज्याच्या काळात साताऱ्याचा माणूसही ब्रिटिश प्रजाजनच होता. तो इथे राहायला आला आणि बाकीच्या अटींत बसला, तर मत देऊ शकत होता. पुढे साम्राज्य आटोपलं. 1949 च्या लंडन जाहीरनाम्यानं भारत प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहू शकेल अशी वाट काढली आणि त्या वाटेनं हा हक्कही टिकून राहिला. आज लागू असलेल्या 1983 च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रकुलातल्या देशांचे नागरिक, इथे राहायची वैध परवानगी असेल तर, संसदेसाठी मत देऊ शकतात. आयर्लंडचे नागरिकही देऊ शकतात. फ्रान्स, जर्मनी, पोलंडचे नाही. माल्टा आणि सायप्रसवाले युरोपीय संघात असूनही देतात, कारण ते राष्ट्रकुलातही आहेत. साम्राज्यानं मागे काय ठेवलं याचा विषय निघाला की सगळे रेल्वे आणि क्रिकेटचं नाव घेतात. हे कुणी काढत नाही.

मी मतदार यादीत नाव घातलं ते काही लोकशाहीच्या ओढीनं नव्हे. मोबाइलचं कंत्राट नाकारलं गेलं तेव्हा कुणीतरी सांगितलं की यादीत नाव असलं की क्रेडिट रेटिंग सुधारतं. ऑनलाइन अर्ज, नॅशनल इन्शुरन्स नंबर, राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात 'भारतीय', आणि थोड्याच दिवसांत पत्र आलं. तिकडे भारतात परदेशस्थ मतदार म्हणून नाव घालता येतं खरं, पण मत द्यायला स्वतः आपल्या गावी, आपल्या केंद्रावर हजर व्हावं लागतं. म्हणजे माझ्या स्वतःच्या देशात मत द्यायला विमानाचं तिकीट, आणि परक्या देशात पायी सात मिनिटं.

22 मेला तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी 10 डाउनिंग स्ट्रीटच्या दाराबाहेर भर पावसात, छत्रीशिवाय भिजत, निवडणूक जाहीर केली. मतदानाला जेमतेम सहा आठवडे. तेवढ्यात प्रत्येक कौन्सिलला, म्हणजे इथल्या पालिकेला, माणसं हवी होती. आमच्या कौन्सिलच्या संकेतस्थळावर पोल क्लार्कसाठी, म्हणजे मतदान केंद्रावरच्या कारकुनासाठी, अर्ज मागवले होते. वय 18 च्या वर, देशात काम करायची परवानगी, आणि कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करत नसल्याची कबुली, एवढंच. मतदार असायलाच हवं अशीही अट नाही. मी अर्ज केला, पासपोर्ट दाखवला, नेमणूक झाली.

माझी ताई साताऱ्याजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिची लोकसभेची ड्युटी त्याच वर्षी 7 मेला झालेली. तिला अर्ज करावा लागला नव्हता. आदेश आला होता, आणि हजर न राहिल्यास काय होईल तेही त्यात लिहिलेलं होतं. आदल्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी भर उन्हात साहित्यवाटप, तिथून एसटीनं केंद्रावर, रात्री शाळेच्या वर्गात बाकं जोडून झोप, पहाटे उठून उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर मॉक पोल. मी पैसे मिळतात म्हणून आपणहून हे काम करतेय हे तिला पटेना. "अगं, लोक ही ड्युटी रद्द करून घ्यायला धावपळ करतात आणि तू मागून घेतलीस?"

प्रशिक्षण दोन तासांचं. हातात निवडणूक आयोगाची पुस्तिका आणि गुप्ततेच्या कलमाची एक प्रत. कोण मत देऊन गेलं, कोण अजून आलं नाही, कुणाला दिलं असेल, यातलं काही म्हणजे काही बाहेर बोलायचं नाही. कपड्यांबद्दलही सूचना: लाल, निळा, पिवळा, हिरवा हे पक्षांचे रंग टाळा. माझ्या कपाटात मग एक राखाडी कुर्ता उरला. नंतर आली गुलाबी मतपत्रिका. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल, तर तुम्हाला मिळते ती. ती पेटीत पडत नाही, वेगळ्या पाकिटात जाते. मी ताईला विचारलं, तर ती म्हणाली, "प्रदत्त मत ना? आमच्याकडे पण असतंच." नियमांची ही दोन पुस्तकं सख्खी चुलत भावंडं आहेत हे पुढेही जागोजाग जाणवलं. वेगळे आहेत ते त्यांच्या भोवतीचे पहारे.

केंद्रावर नेमलेल्या माणसाला दिवसभर जागा सोडता येत नाही, त्यामुळे मी स्वतःचं मत टपालानं दिलं. मतपत्रिका एका पाकिटात, सही आणि जन्मतारखेचा कागद वेगळा, आणि दोन्ही मिळून मोठ्या पाकिटात. कोपऱ्यावरच्या लाल पोस्टाच्या पेटीत ते टाकताना कसलाही समारंभ वाटला नाही.

आमचं केंद्र म्हणजे एका चर्चला लागून असलेला हॉल. कोपऱ्यात बालवाडीची खेळणी चादरीखाली झाकून ठेवलेली, भिंतीवर योगवर्गाचं वेळापत्रक. मतदानाचे कक्ष म्हणजे पातळ लाकडी आडोसे, आणि प्रत्येकात दोरीनं बांधलेली एक पेन्सिल. पेन्सिलच असावी असा कायदा नाही. शाई पसरते, पेन वाळतं, म्हणून पेन्सिल. पण काही मतदार खिशातून स्वतःचं पेन काढून, ते आम्हाला मुद्दाम दाखवून आत जात होते. पेन्सिलचं मत रात्री खोडतात अशी इथे काहींची पक्की समजूत आहे. ईव्हीएमवर वाद घालणाऱ्या माझ्या मामांची मला फार आठवण झाली.

केंद्राध्यक्ष बाई निवृत्त ग्रंथपाल होत्या आणि कित्येक वर्षं हे काम करत होत्या. सातला दोन मिनिटं असताना त्यांनी पेटी उघडून ती रिकामी असल्याचं दाखवलं आणि सील लावलं. इथे गुप्त मतदान 1872 च्या कायद्यानं आलं. त्याआधी मतदार चारचौघांत उभा राहून उमेदवाराचं नाव सांगायचा, आणि मालक, जमीनदार, उधारीवाला दुकानदार सगळे ते ऐकायचे. नव्या पद्धतीनं पहिलं मतदान त्याच ऑगस्टमध्ये यॉर्कशायरमधल्या पाँटेफ्रॅक्टच्या पोटनिवडणुकीत झालं, आणि पेटीच्या लाखेवर ठसा मारला तो तिथल्या ज्येष्ठमधाच्या वड्यांच्या कारखान्यातला. ही गोष्ट बाईंनी सील लावता लावता सांगितली. आमचं सील प्लॅस्टिकचं होतं.

कामाची रीत अशी. मतदार येतो, नाव-पत्ता सांगतो. मतदाराला घरी आलेलं पोल कार्ड सोबत नसलं तरी चालतं. मी यादीत नाव शोधून त्याचा क्रमांक मोठ्यानं म्हणते आणि नावावर रेघ मारते. दुसरा क्लार्क तो क्रमांक एका वेगळ्या यादीत, दिल्या जाणाऱ्या मतपत्रिकेच्या क्रमांकासमोर लिहितो, आणि मतपत्रिका देतो. म्हणजे कुठली मतपत्रिका कुणाला गेली हे कागदोपत्री शोधता येतं! प्रशिक्षणात हे ऐकून मी चमकलेच. पण ती यादी आणि मतपत्रिका वेगवेगळ्या सीलबंद पाकिटांत वर्षभर पडून राहतात, बोगस मतदानाचा खटला झाला तर कोर्टाच्या हुकुमानंच उघडतात, आणि नंतर नष्ट होतात. दीडशे वर्षं हे असंच चाललंय. गुप्ततेला एवढी फट ठेवून लोक निवांत झोपतात, हे मला पेन्सिलपेक्षा जास्त चकित करणारं वाटलं.

बोटाला शाई नाही. हे ऐकून ताई दोन मिनिटं गप्पच झाली. "मग तोच माणूस परत आला तर?" तर यादीत त्याच्या नावावर रेघ असते. "आणि दुसऱ्याच्या नावावर आला तर?" याचं उत्तर अगदी अलीकडेपर्यंत 'येत नाही' असं होतं. उत्तर आयर्लंड सोडलं तर ब्रिटनमध्ये ओळखपत्र लागतच नव्हतं. नाव-पत्ता सांगायचा आणि मतपत्रिका घ्यायची. 2022 च्या कायद्यानं फोटो ओळखपत्र सक्तीचं केलं, मे 2023 मध्ये इंग्लंडच्या स्थानिक निवडणुकांत ते पहिल्यांदा लागू झालं, आणि सार्वत्रिक निवडणुकीत आमच्या वेळी पहिल्यांदा. हा कायदा बोरिस जॉन्सन यांच्या सरकारचा; आणि मे 2024 मध्ये हेच जॉन्सन ओळखपत्र घरी विसरून मतदानाला गेले आणि त्यांना परत पाठवावं लागलं. नंतर जाऊन त्यांनी मत दिलं. प्रशिक्षणात ही गोष्ट निघाली तेव्हा सगळा वर्ग खुशीत हसला.

यादीत कुठली ओळखपत्रं चालतात हे वाचून माझं मत बनलं ते असं. साठीच्या पुढच्यांचा लंडनमधल्या प्रवासाचा ऑइस्टर पास चालतो. विद्यार्थ्यांचा, तसाच फोटोवाला, तसाच दिसणारा पास चालत नाही. कारणं दिली जातात, पण ज्यांनी हा नियम केला त्यांना कोण मत देतं आणि कोण देत नाही, हे बघितलं की फार डोकं खाजवावं लागत नाही. असो, टेबलामागे बसल्यावर माझं मत कुणी विचारत नव्हतं आणि मी सांगणारही नव्हते. संध्याकाळी एक मुलगा तोच पास घेऊन आला. बाईंनी त्याला समजावून परत पाठवलं आणि नकाराच्या नोंदवहीत नोंद केली. दहाला पाच मिनिटं असताना तो धापा टाकत पासपोर्ट घेऊन हजर झाला. दहाच्या ठोक्याला जो रांगेत उभा आहे त्याला मत देता येतं, त्यामुळे एवढं धावायची गरज नव्हती; पण त्याला कोण सांगणार होतं?

भारतीय पासपोर्टही ओळखपत्र म्हणून चालतो. मुदत संपलेला असला तरी, चेहरा ओळखू येतोय तोवर.

सकाळी नऊच्या सुमारास नकाब घातलेल्या एक बाई आल्या. अशा वेळी चेहरा स्त्री कर्मचाऱ्यानं, आडोशाला पाहायचा, हा नियम आहे, आणि त्यासाठी प्रत्येक केंद्राच्या साहित्यात एक पडदा आणि एक आरसा येतो. आरसा कशाला, हे मला आधी कळलं नव्हतं. त्या बाईंनी नकाब वर केला, मी फोटोशी चेहरा ताडून पाहिला, आणि मग त्यांनी आरशात बघून पिना नीट लावल्या. ज्यानं कुणी तो आरसा साहित्याच्या यादीत घातला असेल, त्याला कामाची समज होती.

बाहेर दाराशी पक्षांचे टेलर, म्हणजे कोण मत देऊन गेलं ते टिपणारे कार्यकर्ते, बसतात, छातीला आपापल्या रंगाचं फुलासारखं रोझेट लावून. मत देऊन आलेल्याला ते मतदार क्रमांक विचारतात, म्हणजे आपला कोण अजून आला नाही ते कळून त्याच्या घरी जाता येतं. सांगायची सक्ती नाही. लाल रोझेटवाल्या आजी आणि निळ्या रोझेटवाले काका एकाच डब्यातली बिस्किटं खात होते. पोलीस म्हणून एक साधा सहायक दुपारी डोकावला, 'सगळं ठीक?' विचारून चहा न घेता गेला. कुत्रे मात्र बरेच आले. मतदान केंद्राबाहेर कुत्र्याचा फोटो काढणं हा इथे निवडणुकीचा अधिकृत नसलेला विधी आहे. एकीनं तर कुत्र्याचा पट्टा माझ्या हातात दिला आणि ती मत द्यायला गेली.

एक गुजराती आजी आल्या. मला पाहून त्यांना हायसं वाटलं आणि त्यांनी हिंदीत विचारलं, "बेटा, चोकडी किस पर मारूँ?" मी सांगितलं, एकाच नावासमोर मारा, कुणाच्या ते तुम्हीच ठरवा. त्या थोड्या नाराज झाल्या. त्यांनी पहिल्यांदा दोन चौकटींत फुल्या मारल्या, बाहेर येऊन तसं सांगितलं, आणि बाईंनी ती मतपत्रिका रद्द करून दुसरी दिली. पेटीत पडायच्या आत सांगितलं की हे चालतं. बटण दाबून झाल्यावर ही सोय कुठली?

साडेअकराच्या सुमारास एक फ्रेंच बाई आल्या. मतपत्रिका मागण्याची त्यांची पद्धत इतकी सराईत होती की मी यादीत नाव शोधायला लागले. नाव होतं. नावापुढे एक अक्षर होतं, त्याचा अर्थ: स्थानिक निवडणुकीत मत आहे, संसदेच्या नाही. कौन्सिलच्या मतदानाला त्या दरवेळी याच हॉलमध्ये येत होत्या. तीस वर्षं त्या इथे राहत होत्या, कर भरत होत्या, मुलं इथल्या शाळांत शिकली होती. मी केंद्राध्यक्ष बाईंकडे पाहिलं. त्यांनी शांतपणे नियम समजावला. फ्रेंच बाईंनी माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं नाव वाचलं आणि सरळ विचारलं, "तुम्हाला मत आहे?" मी "हो" म्हणाले. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "कधी आलात?" "तीन वर्षं झाली." त्या हसल्या, रागावल्या नाहीत, आणि "मजेशीर देश आहे" म्हणून गेल्या. रांगेतल्या पुढच्या माणसाला मतपत्रिका देताना मला अवघडल्यासारखं झालं होतं.

दुपारी गर्दी ओसरली तेव्हा बाईंनी मला हाच विषय विचारला. इतक्या निवडणुका केल्या तरी भारतीयांना मत का, याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. मी त्यांना दादाभाई नवरोजींबद्दल सांगितलं. मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापक असलेले दादाभाई 1886 मध्ये लंडनच्या हॉबर्नमधून हरले. 1888 मध्ये पंतप्रधान लॉर्ड सॅल्सबरी यांनी एका भाषणात म्हटलं की इंग्रज मतदार 'काळ्या माणसाला' निवडून देतील इतक्यात असं वाटत नाही, आणि त्या एका वाक्यानं दादाभाईंचं नाव देशभर झालं. 1892 मध्ये ते सेंट्रल फिन्सबरीतून लिबरल पक्षातर्फे निवडून आले. अवघ्या 3 मतांनी. बाईंचं बालपण त्याच भागात गेलं होतं. नवरोजी स्ट्रीट त्यांना चांगली माहीत होती. नवरोजी हे कोण हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. तीन मतं हा आकडा मात्र त्यांना फार आवडला. त्यानंतर कुणी "माझ्या एका मतानं काय होणार" म्हटलं की त्या माझ्याकडे बघून भुवया उंचावत.

ताईच्या सल्ल्यानं मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. पंधरा तास खुर्चीत बसायचं तर दुसरं काही टिकत नाही. दोन दशम्या दुसऱ्या क्लार्कनं संपवल्या.

दहा वाजता बाईंनी दार लावलं आणि पेटीची फट सील केली. मग हिशेब: किती मतपत्रिका मिळाल्या होत्या, किती दिल्या, किती रद्द झाल्या, किती उरल्या. आपल्याकडे केंद्रावरच्या मतांचा हिशेब ज्यात लिहितात त्या 17-सी फॉर्मची आठवण करून देणारा एक कागद. पहिल्या बेरजेत एक कमी भरली. उरलेल्यांची गड्डी पुन्हा मोजल्यावर दोन चिकटलेल्या निघाल्या. पाकिटं, सह्या, लेबलं. आणि मग जे घडलं ते बघून मी खरंच थबकले. बाईंनी मतपेटी उचलली, स्वतःच्या छोट्या गाडीत मागे ठेवली, आणि मोजणीच्या केंद्राकडे निघून गेल्या. एकट्या.

मी घरी पोचेपर्यंत टीव्हीवर एक्झिट पोल येऊन गेला होता. तो दहाच्या ठोक्याला येतो, त्याआधी मत देऊन आलेल्यांच्या सांगण्यावरून मतदान कुठे झुकलंय हे जाहीर करायला बंदी असते. लेबरला 410 जागांचा अंदाज होता, मिळाल्या 411. सुनक यांचे कॉन्झर्व्हेटिव्ह 121 वर आले. मला मात्र दुसरा आकडा खुपला: लेबरची मतं 33.7 टक्के आणि जागा 650 पैकी 63 टक्के. रिफॉर्म पक्षाला 14 टक्क्यांहून जास्त मतं आणि जागा फक्त 5. मतपत्रिका दोनदा मोजणारा हा देश एवढ्या मोठ्या फरकाकडे खांदे उडवून बघतो. अर्थात ही पद्धत आपणही त्यांच्याकडूनच घेतली आणि आपणही तेच करतो, त्यामुळे जास्त बोलायची सोय नाही. मोजणी रात्रीतून झाली. शुक्रवारी दुपारपर्यंत सुनक राजाला भेटून पायउतार झाले होते आणि लेबरचे कीर स्टार्मर 10 डाउनिंग स्ट्रीटच्या त्याच दाराशी उभे होते.

रविवारी ताईचा फोन. तिला निकालात रस नव्हता.

"पेटी कुणाच्या गाडीतून गेली म्हणालीस?"

"बाईंच्या."

"आणि बंदोबस्त?"

"मी होते ना. चर्चच्या फाटकापर्यंत."

"आमच्या गाडीला जीपीएस होतं, पुढे-मागे पोलीस होते, आणि पुढचा महिनाभर मशिनं स्ट्राँगरूममध्ये पहाऱ्यात." ती थोडी थांबली. "पैसे कधी मिळाले?"

"अजून नाही. महिन्याअखेरीस, पगारासारखे, टॅक्स कापून."

"आम्हाला केंद्रावरच रोख मिळतात, सही केली की," ताई म्हणाली, आणि फोन आईकडे दिला.